उगमाची समजूत आणि काव्याचा आस्वाद : ओसियन-वादाच्या इतिहासाचा एक अन्वयार्थ

१

इमॅन्युएल कांटने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सौंदर्यविचाराच्या ग्रंथात एक छोटा दाखला दिला आहे. उन्हाळ्यातील शांत संध्याकाळी, चांदण्यात, निर्जन झाडीतून ऐकू येणारे नाइटिंगेल पक्ष्याचे गाणे कवींनी नेहमीच वाखाणले आहे. परंतु एखाद्या खाणावळीच्या विनोदी मालकाने पाहुण्यांना खूश करण्यासाठी झुडपात एक खोडकर पोरगा लपवून ठेवला आणि त्याने बोरूच्या नळीतून हुबेहूब तोच सूर काढला, तर फसवणूक उमगताच ते गाणे कोणालाही फार वेळ ऐकवणार नाही, असे कांट म्हणतो. आवाज तोच, ऐकणारा तोच, चांदणेही तेच असते. बदलते ती केवळ आवाजाच्या उगमाविषयीची समजूत, आणि तेवढ्याने आस्वाद ओसरतो.

हा दाखला कांटच्याच एकूण मांडणीत काहीसा अवघडून बसला आहे. शुद्ध सौंदर्यविधान वस्तूच्या अस्तित्वाविषयी निरपेक्ष असते, असे त्याने आधी प्रतिपादले आहे. निसर्गसौंदर्याविषयी मनाला जी बौद्धिक ओढ वाटते तिच्यापुरता हा दाखला मर्यादित ठेवून तो या अडचणीतून वाट काढतो. कलास्वादाच्या क्षेत्रात मात्र हा प्रश्न इतक्या सहजासहजी बाजूला सारता येत नाही. कलाकृती स्वायत्त आहे, तिच्याबाहेरील माहिती तिच्या मूल्यमापनात गैरलागू आहे, ही भूमिका विसाव्या शतकातील आकृतिवादी समीक्षेने आग्रहाने मांडली. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली कवीच्या हेतूचा आधार घेणे हा समीक्षेतील तर्कदोष ठरवला. मराठीतही मर्ढेकरांपासून पुढे स्वायत्ततेचा विचार वेगवेगळ्या रूपांत रुजला. या भूमिकेनुसार उगमाची समजूत बदलल्याने ज्याचा आस्वाद बदलतो तो रसिक मुळातच कच्चा ठरतो. त्याने काव्य वाचलेच नव्हते, काव्याच्या वयाला नमस्कार केला होता, असे म्हणावे लागते.

याच्या विरुद्ध भूमिका अशी की, कलाकृती ही मानवी कृती आहे; ती कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत केली हे तिच्या स्वरूपाचेच अंग आहे. या दोन्ही भूमिका परस्परविरोधी असल्या तरी त्यांच्यात एक गृहीत समान आहे. उगम हे एक आधीपासून सिद्ध असलेले तथ्य आहे आणि आस्वाद त्याच्या मागून येतो, असे दोघीही मानतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय वाङ्मयात गाजलेल्या ओसियन-वादाचा इतिहास या गृहीताचीच फेरतपासणी करावयास लावतो.

२

जेम्स मॅक्फर्सन (१७३६-१७९६) हा स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातला, म्हणजे हायलँड्समधला. त्याची बोलीभाषा गेलिक होती. तो नऊ वर्षांचा असताना, १७४६ साली, कलोडनच्या रणभूमीवर स्ट्युअर्ट घराण्याच्या बाजूने उठलेल्या सैन्याचा इंग्रज सरकारने पाडाव केला. त्यानंतर हायलँड्समधील शस्त्रे काढून घेण्यात आली, पुरुषांच्या पारंपरिक वेषावर बंदी आली आणि कुळांच्या प्रमुखांचे वंशपरंपरागत अधिकार रद्द झाले. वेषबंदी १७८२ पर्यंत उठली नव्हती. ज्या समाजाचे गाणे पुढे युरोपभर गाजणार होते तो समाज नुकताच मोडून काढला गेला होता, ही गोष्ट या वादात सतत पार्श्वभूमीला राहते.

१७५९ साली नाटककार जॉन होम याच्याशी मॅक्फर्सनची गाठ पडली. होमच्या आग्रहावरून त्याने गेलिक काव्याचे म्हणून काही इंग्रजी अनुवाद करून दाखवले. एडिंबरो विद्यापीठातील ह्यू ब्लेअरसारख्या विद्वानांनी ते उचलून धरले आणि १७६० साली प्राचीन काव्याच्या तुकड्यांचे एक लहान पुस्तक निघाले. प्रस्तावनेत असे सुचवले होते की, हे तुकडे एका हरवलेल्या महाकाव्याचे अवशेष असावेत. मग वर्गणी जमली, मॅक्फर्सन हायलँड्स आणि बेटांच्या दौऱ्यावर निघाला. डिसेंबर १७६१ मध्ये सहा सर्गांचे ‘फिंगल’ आणि १७६३ मध्ये आठ सर्गांचे ‘टेमोरा’ प्रसिद्ध झाले. कवी म्हणून नाव होते ओसियनचे: तिसऱ्या शतकातला, फिंगल राजाचा मुलगा, अंध, वृद्ध, सर्व सोबती गमावलेला, आपल्या वंशातला अखेरचा.

घटनांचा हा क्रम लक्षणीय आहे. महाकाव्य आधी सापडले आणि मग त्याचे कौतुक झाले, असे घडलेले नाही. महाकाव्य असलेच पाहिजे ही अपेक्षा आधी निर्माण झाली, तिच्यासाठी पैसे उभे राहिले आणि त्यानंतर महाकाव्य सापडले. उगमाची समजूत येथे संहितेच्या आधीच तयार होती.

ब्लेअरने १७६३ साली ओसियनवर एक विस्तृत समीक्षात्मक प्रबंध लिहिला. त्यात ओसियनची तुलना होमरशी केली होती. ब्लेअरचा युक्तिवाद बारकाईने पाहिला तर त्यातील वर्तुळ स्पष्ट दिसते. या काव्यात अमूर्त कल्पनांचे शब्द जवळजवळ नाहीत. उपमा मोजक्याच वस्तूंभोवती फिरतात, म्हणजे धुके, वारा, पर्वत, समुद्र, चंद्र. निवेदन तुटक आहे. ही सारी लक्षणे समाजाच्या आदिम अवस्थेची आहेत, म्हणून काव्य प्राचीन आहे. आणि काव्य प्राचीन आहे म्हणून त्याच उपमांची पुनरावृत्ती कंटाळवाणी न ठरता भव्य साधेपणाची खूण ठरते. शैलीवरून वय सिद्ध होते आणि वयावरून शैलीची गोडी ठरते. एखाद्या समकालीन तरुणाच्या नावावर हेच लेखन आले असते तर शब्दसंपत्तीचे तेच दारिद्र्य दोष म्हणून मोजले गेले असते. पुढे ते तसे मोजले गेलेही.

३

ओसियनचा युरोपभर झालेला प्रसार हा वाङ्मयेतिहासातील एक विलक्षण अध्याय आहे. चेझारोत्तीचा इटालियन अनुवाद १७६३ साली आला. पुढे नेपोलियनला ओसियनची गोडी लागली ती याच अनुवादातून. हर्डरने १७७३ मधील आपल्या निबंधात ओसियनच्या निमित्ताने लोकगीतांचे सारे तत्त्वज्ञान मांडले. गटेने ‘व्हेर्टर’ या १७७४ मधील कादंबरीच्या अखेरच्या भागात नायकाकडून नायिकेला ओसियनचा एक दीर्घ उतारा वाचून दाखवला आहे आणि दोघांच्या भावनांचा बांध तेथेच फुटतो. जिरोदे आणि अँग्र या फ्रेंच चित्रकारांनी ओसियनची चित्रे रंगवली.

या वाचकांना नेमका कशाचा आस्वाद मिळत होता? ‘फिंगल’ मधील कथानक सामान्य आहे, पात्रे एकमेकांपासून फारशी वेगळी काढता येत नाहीत. आस्वादाचा गाभा कथानकात नव्हताच. सर्व काही संपल्यानंतर एकटा उरलेला म्हातारा बोलतो आहे आणि त्याचा आवाज पंधरा शतके ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचतो आहे, या जाणिवेत तो होता. संहितेतला ओसियन आपल्या मृत सोबत्यांचा शोक करतो. वाचक त्या शोकात ओसियनच्याही मृत्यूचा, त्याच्या साऱ्या जगाच्या लोपाचा शोक मिसळतो. पहिला शोक शब्दांत आहे, दुसरा उगमाच्या समजुतीतून आला आहे. वाचकाला मात्र ते दोन वेगळे जाणवत नाहीत. समजूत आस्वादाला बाहेरून चिकटलेली नाही. तिने आस्वादाचा अर्धा विषयच पुरवला आहे.

भारतीय साहित्यशास्त्राच्या परिभाषेत येथे एक भेद करणे उपयुक्त ठरते. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील सात विघ्ने सांगताना पहिले स्थान संभावनाविरहाला दिले आहे: जे वर्णिले आहे ते संभवनीयच वाटले नाही तर चित्त त्यात विश्रांत होत नाही. ओसियनच्या बाबतीतले विघ्न निराळे आहे. फिंगलच्या लढाया संभवनीय वाटतात की नाही, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो त्या सांगणारा कोण, याचा. वर्णिलेल्या विश्वावरचा विश्वास आणि सांगणाऱ्यावरचा विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिला अबाधित असतानाही दुसरा ढळला की रसभंग होऊ शकतो.

४

संशय लवकरच सुरू झाला. आयर्लंडमधील विद्वानांनी पहिला आक्षेप घेतला तो असा की, आयरिश कथाचक्रांतील निरनिराळ्या काळांतले वीर मॅक्फर्सनने एकाच काळात आणून बसवले आहेत आणि आयर्लंडची परंपरा स्कॉटलंडच्या नावावर केली आहे. डेव्हिड ह्यूम प्रारंभी अनुकूल होता. पण १७६३ मध्ये त्याने ब्लेअरला कळवले की, या कविता हायलँड्समध्ये प्रत्यक्ष म्हटल्या जातात याच्या साक्षी मिळवाव्यात. पुढे तो पूर्ण अविश्वासाकडे झुकला. हजारो ओळी पन्नास पिढ्या केवळ स्मरणशक्तीच्या बळावर टिकल्या, तेही एका निर्धन आणि अस्थिर समाजात, हे त्याला अशक्य वाटले. सॅम्युएल जॉन्सनने १७७३ साली हायलँड्सचा प्रवास केला आणि १७७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात मॅक्फर्सनला आव्हान दिले: मूळ हस्तलिखिते दाखवा. शंभर वर्षांपूर्वीच्या ठरतील अशा पाचशे ओळीही या भाषेत मिळणार नाहीत, असे त्याचे मत होते.

मॅक्फर्सनच्या बाबतीत जॉन्सनचा निष्कर्ष बराचसा बरोबर ठरला. गेलिक भाषेच्या बाबतीत तो सपशेल चुकला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिस्मोरच्या डीनने संकलित केलेल्या हस्तलिखितात फिओनच्या, म्हणजे मॅक्फर्सनच्या फिंगलच्या, कथाचक्रातील अनेक पोवाडेवजा कविता आहेत. परंतु या चुकीपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, वादातील दोन्ही पक्षांनी प्रामाण्याची एकच कसोटी मान्य केली होती: जुना कागद. मॅक्फर्सनने आपल्याकडे हस्तलिखिते असल्याचा आव आणला आणि जॉन्सनने ती मागितली. शेकोटीभोवती बसून या कविता म्हणणारे, ऐकणारे लोक त्या वेळी हयात होते; पण त्यांचे म्हणणे हा पुरावा आहे की नाही, याविषयी दोन्ही बाजू साशंक होत्या.

भारतीय वाचकाला ह्यूमचा स्मरणशक्तीविषयीचा आक्षेप प्रथमदर्शनी दुबळा वाटेल, कारण वेदपठणाची परंपरा त्याच्यासमोर आहे. पण ही तुलना सावधपणे करावयास हवी. वेदांचे पाठ टिकले ते पद, क्रम, जटा, घन अशा पाठपद्धतींच्या काटेकोर रचनेमुळे आणि ती राबवणाऱ्या शिष्यपरंपरेमुळे. तेथे अक्षरही बदलू न देणे हेच उद्दिष्ट होते. हायलँड्समधील कथागायनाचे उद्दिष्ट तसे नव्हते. मौखिक महाकाव्यांविषयीचे मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांचे संशोधन १९६० मधील लॉर्डच्या ग्रंथामुळे सर्वपरिचित झाले. त्यातून असे दिसून आले की, काही परंपरांत गायक तयार संहिता आठवून म्हणत नाही. ठरीव पदबंध आणि प्रसंग हाताशी घेऊन तो दर वेळी ती नव्याने रचतो. अशा परंपरेत ‘मूळ’ संहिता कोणती, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. गेलिक कविता तुलनेने अधिक स्थिर, छंदोबद्ध कडव्यांच्या होत्या. तरीही गायकागणिक त्यांचे पाठ बदलत असत. ह्यूम आणि ब्लेअर दोघेही जिचा शोध घेत होते ती एकमेव, अढळ, तिसऱ्या शतकातील संहिता कधी अस्तित्वातच नव्हती.

५

मॅक्फर्सनच्या मृत्यूनंतर हायलँड सोसायटीने नेमलेल्या समितीचा अहवाल १८०५ साली प्रसिद्ध झाला. मॅक्फर्सनने छापलेल्या कवितांशी शीर्षकाने आणि आशयाने तंतोतंत जुळणारी एकही कविता समितीला मिळाली नाही. पण त्याच कथाचक्रातील कविता हायलँड्समध्ये प्रचलित होत्या, याचे भरपूर पुरावे मिळाले. मॅक्फर्सनने त्यांतील दुवे जोडले, रिकाम्या जागा भरल्या, त्याला अशिष्ट वाटले ते गाळले, असा समितीचा तर्क होता. १८०७ मध्ये ‘मूळ’ गेलिक संहिता छापून आली. तिच्या प्रकाशनासाठी हिंदुस्थानात नोकरीस असलेल्या हायलँड्समधील गृहस्थांनी १७८० च्या दशकातच एक हजार पौंडांची वर्गणी पाठवली होती. मॅक्फर्सन त्या काळात अर्काटच्या नवाबाचा लंडनमधील प्रतिनिधी होता आणि त्याने हे काम अखेरपर्यंत लांबवले. ही गेलिक संहिता बव्हंशी इंग्रजीवरून उलट गेलिकमध्ये नेलेली आहे, असे आज अभ्यासक मानतात. अनुवाद आधी आणि मूळ नंतर, असा हा उफराटा व्यवहार होता.

डेरिक थॉमसनने १९५२ साली मॅक्फर्सनच्या गेलिक आधारांचा शोध प्रसिद्ध केला तेव्हा चित्र बरेचसे स्पष्ट झाले. मॅक्फर्सनने डझनाहून अधिक अस्सल गेलिक कवितांचा उपयोग केला होता. ‘फिंगल’ मध्ये त्यांचा आधार ठळक आहे. ‘टेमोरा’ मध्ये, पहिला सर्ग सोडला तर, तो जवळजवळ नाही. त्याने छंद टाकून बायबलच्या इंग्रजी भाषांतराची वळणे घेतलेले लयबद्ध गद्य योजले आणि विखुरलेल्या कवितांना महाकाव्याचा साचा दिला. थोडक्यात, ओसियन अस्सल नव्हता आणि निव्वळ बनावटही नव्हता.

येथे मराठी वाचकाला एक परिचित गोष्ट आठवेल. ‘नामा म्हणे’ या मुद्रेखाली आलेले सर्व अभंग एकाच नामदेवाचे नाहीत. विष्णुदास नामा आणि नंतरचे इतर कवी याच नावाने लिहीत राहिले. मुद्रा ही येथे मालकीची खूण नसून एका परंपरेत उभे राहून बोलल्याची खूण आहे. गेलिक परंपरेतही असेच काहीसे घडले होते. लिस्मोरच्या डीनच्या संकलनातील कित्येक कविता ओसियनच्या, म्हणजे ओशिनच्या, नावावर आहेत. त्या रचणारे कवी ओसियनच्या मुखाने बोलत होते आणि श्रोत्यांना त्यात फसवणूक वाटत नव्हती. मराठी परंपरेला उगमाची काळजीच नव्हती, असा मात्र याचा अर्थ नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तीत नव्या ओव्या घालणाऱ्यांना कडक शब्दांत बजावले. म्हणजे एकाच भक्तिपरंपरेत काही संहिता बंदिस्त ठेवल्या गेल्या आणि काही मुद्रा खुल्या राहिल्या. कोणती संहिता कोणत्या प्रकारची, हे परंपरेतल्या लोकांना ठाऊक होते. मॅक्फर्सनने एक खुली मुद्रा उचलली आणि ती बंदिस्त संहिता म्हणून परक्या बाजारात विकली. छापील पुस्तकांच्या त्या बाजाराला एक तर आधुनिक लेखक कळत होता किंवा प्राचीन हस्तलिखित. तिसरी शक्यता त्याच्या हिशेबात नव्हती.

६

बनावट उघड झाली की आस्वाद नष्ट होतो, असा सरसकट नियम मात्र यावरून काढता येणार नाही. याच काळातील टॉमस चॅटर्टनचे उदाहरण त्याच्या आड येते. ब्रिस्टलमधील या मुलाने टॉमस रोली नावाचा पंधराव्या शतकातला एक धर्मोपदेशक कवी कल्पिला, त्याच्या नावे जुन्या वळणाच्या इंग्रजीत कविता लिहिल्या आणि ऑगस्ट १७७० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षात, लंडनमधील एका माळ्यावरच्या खोलीत त्याचा मृत्यू झाला. रोलीच्या कविता १७७७ साली टिऱ्हिटने संपादित केल्या आणि त्यांचे कर्तृत्व चॅटर्टनचेच आहे हे थोड्याच वर्षांत बहुतेकांना पटले. तरीही त्या कविता टाकून दिल्या गेल्या नाहीत. कीट्सने १८१८ मध्ये ‘एंडिमियन’ चॅटर्टनच्या स्मृतीला अर्पण केले. हेन्री वॉलिसने १८५६ मध्ये त्याच्या मृत्यूचे चित्र रंगवले.

दोन्ही ठिकाणी बनावट सिद्ध झाली. एक कवी वाढला, दुसरा गडगडला. याचे कारण केवळ काव्यगुणांत शोधून भागत नाही. रोलीच्या खोट्या उगमाची जागा घ्यायला चॅटर्टनपाशी एक खरा आणि तितकाच हृदयस्पर्शी उगम तयार होता: दारिद्र्य, उपेक्षा, कोवळ्या वयातला मृत्यू. वाचकांनी उगमकथा टाकली नाही, बदलली. मॅक्फर्सनपाशी असा पर्याय नव्हता. तो १७८० मध्ये पार्लमेंटचा सभासद झाला, श्रीमंत झाला, आपल्या प्रदेशात त्याने मोठी वास्तू उभारली आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले. वंशातला अखेरचा अंध म्हातारा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी एक यशस्वी गृहस्थ उभा राहिला. त्याच्या तोंडी तो शोक शोभेना.

वर्ड्‌स्वर्थने १८१५ साली ओसियनवर केलेली टीका या दृष्टीने उद्बोधक आहे. डोंगराळ मुलखात वाढल्यामुळे या काव्यातील निसर्ग खोटा आहे हे आपल्याला जाणवले, असे तो सांगतो. निसर्गात प्रत्येक वस्तू स्पष्ट असूनही इतरांपासून तोडून काढता येत नाही. मॅक्फर्सनच्या चित्रांत याच्या नेमके उलट घडते. ही टीका संहितेवर आधारलेली, मार्मिक आणि बहुतांशी पटणारी आहे. पण हर्डर आणि गटे यांना ती का सुचली नाही? संवेदनशीलता त्यांच्याकडे कमी नव्हती. संशयाने वर्ड्‌स्वर्थला जे पाहण्याची मुभा दिली, ती विश्वासाने त्यांना दिली नव्हती. मात्र विश्वासानेही काही दाखवले होते: हर्डरचा लोकगीतविचार ओसियनमधून स्फुरला आणि ओसियन खोटा ठरल्यावरही तो टिकून राहिला.

७

ओसियन-वादातून निघणारा निष्कर्ष स्वायत्ततावादाला आणि उगमवादाला सारखाच गैरसोयीचा आहे. उगमाची समजूत वाचकाला काव्याची एक जादा माहिती देत नाही. हे बोलणे कोणत्या प्रकारचे आहे, ते कोणाचे आणि कोणाला उद्देशून आहे, हे ती ठरवते. तेच वाक्य शोक म्हणून ऐकायचे की शोकाची नक्कल म्हणून, हे शब्दांच्या आत पाहून सांगता येत नाही. म्हणून समजुतीशिवाय वाचन शक्य नाही. पण ही समजूत निखळ तथ्यातून येत नाही, हेही तितकेच खरे आहे. वाचकाला जो आस्वाद हवा असतो त्याला साजेसा उगम तो बऱ्याचदा स्वतःच घडवतो आणि मग त्याचा पुरावा संहितेत शोधतो. ब्लेअरने तेच केले. कांटच्या दाखल्यातील पाहुणेही खाणावळीच्या मालकाने फसवण्यापूर्वीच, गावाकडची हवा खायला आलेले असल्यामुळे, नाइटिंगेल ऐकण्यास उत्सुक होते.

या व्यवहाराची किंमत मात्र रसिकांना किंवा मॅक्फर्सनला फारशी मोजावी लागली नाही. ती मोजली ज्यांची गाणी खरोखर जुनी होती त्यांनी. शार्लट ब्रुकने १७८९ साली आयरिश कविता मूळ संहितेसह, उघड पुराव्यासह छापल्या. त्या प्रामाणिक पुस्तकाला ओसियनसारखी कीर्ती लाभली नाही. हायलँड्समध्ये तर ‘गेलिक’ आणि ‘बनावट’ हे शब्द दीर्घकाळ एकमेकांना चिकटून राहिले. मॅक्फर्सनच्या पुस्तकासाठी ज्यांनी आपल्या ओठांवरच्या कविता त्याला ऐकवल्या, त्या गायकांकडे प्रथम आदिम प्रतिभेचे अवशेष म्हणून पाहिले गेले आणि नंतर फसवणुकीचे साथीदार म्हणून. दोन्ही वेळा त्यांच्या कविता त्यांच्या म्हणून ऐकल्या गेल्या नाहीत.

समीक्षेने उगमाचा विचार वर्ज्य केला तर हा अन्याय तिला दिसणारच नाही; आणि उगमालाच मूल्य मानले तर ती तो अन्याय नव्याने करील. मराठीतील प्रक्षिप्तांच्या चर्चेत, लोकगीतांच्या संकलनांत आणि मौखिक परंपरांच्या छापील आवृत्त्यांत याच दोन धोक्यांमधून वाट काढावी लागते. ‘हे अस्सल आहे काय?’ या प्रश्नाआधी, अस्सलपणाची कसोटी कोणाची आणि ती लावल्याने कोणाचा आवाज बंद होतो, हा प्रश्न विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.